घाटात टर्बो डिझेल दम टाकते आणि कोड येतो पी००८७: टर्बो बदलण्याआधी डिझेल कुठे अडतंय ते शोधा

कराडच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. २०१५ ची दीड लिटरची टर्बो डिझेल सेडान, एक लाख तीस हजार किलोमीटर चाललेली. हायवेला गाडी छान पळते, अ‍ॅव्हरेजही नेहमीचंच. पण चिपळूणहून परतताना कुंभार्ली घाट चढायला घेतला, गाडीत पाच माणसं आणि डिकीत सामान असलं, की तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून धरल्यावर अर्ध्या मिनिटात पिकअप मरतो. चेक लाइट लागते, आरपीएम अडीच-तीन हजारांच्या वर जात नाही. कडेला घेऊन चावी बंद करून पुन्हा चालू केली की पुढच्या मोठ्या चढापर्यंत सगळं ठीक. स्कॅनरवर कोड पी००८७. एका गॅरेजने टर्बो गेला म्हणून चाळीस हजारांचा अंदाज दिला, दुसऱ्याने हाय प्रेशर पंप सांगितला, तिसऱ्याने चारही इंजेक्टर. डिझेल फिल्टर दोन महिन्यांपूर्वीच बदललाय. भावाच्या टर्बो पेट्रोललाही असाच त्रास सुरू झालाय, असंही शेवटी लिहिलंय. विचारणं एवढंच की आधी पैसे कशावर घालू?

आत्ता कशावरच घालू नका. तिघांनी तीन पार्ट सांगितले, पण एकानेही गेज लावून मोजल्याचं तुमच्या लिहिण्यात कुठे दिसत नाही. पंप-नोझलच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला एवढं कळलंय की या कोडवर आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याचशांचं दुखणं टाकी आणि पंप यांच्या मधे, स्वस्तातल्या कुठल्यातरी वस्तूत असतं. तुमच्या गाडीचं तिथेच असेल असं छातीठोक सांगत नाही. पण शोध तिथून सुरू करायचा, कारण तिथे बघायला पैसे लागत नाहीत.

पी००८७ चा अर्थ इतकाच की रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना मिळून डिझेल देणाऱ्या सामाईक नळीत (म्हणूनच ‘कॉमन रेल’), जितकं प्रेशर ईसीएमने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, मागितलं तितकं मिळालं नाही, आणि ही तूट काही सेकंद टिकली. पंप खराब आहे असं हा कोड म्हणत नाही. पंपाला पुरेसं डिझेल पोचलं नाही, पंपाने दिलं नाही, दिलेलं पुढे कुठे गळून गेलं, किंवा सगळं नीट असून सेन्सर खोटं बोलतोय, या चारही गोष्टींना एकच कोड येतो. तो वाचून थेट पंप बदलणारा मेकॅनिक चारातला एक पर्याय तुमच्या पैशाने तपासत असतो.

आता हे फक्त घाटातच का होतं, ते हिशेबाने बघू. आयडलिंगला असं इंजिन एका सिलिंडरमध्ये एका वेळी सहा मिलिग्रॅमच्या आसपास डिझेल टाकतं. चार सिलिंडर, आठशे आरपीएम, म्हणजे मिनिटाला सोळाशे इंजेक्शनं. तासाचा खर्च निघतो पाऊण लिटरच्याही थोडा आत. आता घाट. टर्बो पूर्ण फिरतोय, सिलिंडरमध्ये हवा दुपटीहून जास्त कोंबली जातेय, तेव्हा ईसीएम त्या हवेच्या मापाने डिझेल वाढवतो आणि एका इंजेक्शनला पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत जातो. तीन हजार आरपीएमला मिनिटाला सहा हजार इंजेक्शनं. हिशेब करा: तासाला एकोणीस-वीस लिटर. शिवाय इंजेक्टर आणि पंपाच्या रिटर्नमधून टाकीत परत जाणारं डिझेल वेगळं, तेही त्याच नळीतून आधी ओढावं लागतं. आणि सपाट हायवेला ऐंशीच्या स्पीडने बावीसचं अ‍ॅव्हरेज मिळत असेल तर तासाला चार लिटरसुद्धा जळत नाहीत.

म्हणजे तुमच्या लाइनीत कुठेतरी तासाला पंधरा लिटरपुरतीच वाट उरली असेल, तर ती गोष्ट सपाट हायवेवर तुम्हाला कधीच कळणार नाही. घाटातही पहिली काही सेकंदं कळणार नाही, कारण फिल्टरच्या डब्यात आणि नळ्यांत थोडा साठा असतो. तो ओढून संपला की प्रेशर बसतं. अर्ध्या मिनिटाने पिकअप मरतो हे तुम्ही नीट पाहून लिहिलंत ते फार बरं केलंत. माझा पहिला संशय पुरवठ्यावर जातो तो यामुळेच.

टर्बोचं काय? ड्रायव्हरच्या सीटवरून बघितलं तर टर्बो कमी पडला काय आणि डिझेल कमी पडलं काय, गाडी सारखीच बसते. पण टर्बो कमी पडला तर सहसा वेगळा कोड येतो, पी०२९९. दुसरी खूण धुराची. हवा कमी आणि डिझेल पुरेसं असेल तर मागे काळा धूर निघतो, डिझेल कमी आणि हवा पुरेशी असेल तर गाडी मरते पण सायलेन्सर स्वच्छ राहतो. ही खूण पूर्वी हमखास चालायची. आता ईसीएम हवा कमी दिसली की डिझेलही आपणहून कापतो, त्यामुळे धूर नाही म्हणजे टर्बो ठणठणीत असा निष्कर्ष काढू नका. उलट बाजूने मात्र ती उपयोगी पडते: भकाभक काळा धूर असेल तर माझ्या सांगण्यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही, इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज आणि टर्बोचा व्हॅक्यूम आधी बघा.

त्याहून सरळ मार्ग म्हणजे मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून वाचा. चिपळूणला तो शंभर किलोपास्कलच्या आसपास हवा, कराडला चौऱ्याण्णव-पंच्याण्णव, महाबळेश्वरला शहाऐंशीच्या जवळ. एवढं जुळलं तर सेन्सर शून्याला खरा आहे. मग घाटात पूर्ण जोर लावल्यावर जो आकडा दिसेल त्यातून हा वजा करायचा, उरेल तो बूस्ट. लोक स्क्रीनवर दोनशे वीस बघून बूस्ट दोनशे वीस समजतात, त्यातले शंभर आकाशाचे असतात. तुमच्या इंजिनाच्या मापात पूर्ण लोडला स्क्रीनवर दोनशेच्या वर आकडा जात असेल आणि गाडी बसायच्या आधीपर्यंत टिकत असेल, तर टर्बोला हात लावू देऊ नका.

पुढे जाण्याआधी काही गोष्टी तुम्हालाच सांगाव्या लागतील, कारण उत्तर त्यांवर फिरतं. गाडीला रीमॅप (ईसीएमचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं) केलंय का किंवा पॉवर वाढवायचा डबा बसवलाय का? आधीच्या मालकाने बसवलेला डबा कित्येकांना माहीतही नसतो. स्वस्तातले डबे रेल प्रेशर सेन्सरच्या वायरवर बसतात आणि ईसीएमला प्रेशर आहे त्याहून कमी दाखवतात, म्हणजे तो पंपाकडून आणखी मागत राहतो. असा डबा असेल तर आधी तो काढा. त्याच्यासकट काढलेली सगळी रीडिंग कचऱ्यात टाकायच्या लायकीची. दुसरं, त्रास फिल्टर बदलण्याच्या आधीपासून होता की नंतर सुरू झाला? तिसरं, टाकी फुल असताना होतो की अर्ध्याखाली? चौथं, इंजिन गरम असताना बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी चालू केलं तर पटकन लागतं की सेल्फ लांब मारावा लागतो?

तिसरा प्रश्न लोकांना उगाच वाटतो, म्हणून त्याची एक गोष्ट सांगतो. देवगडहून आंब्याच्या पेट्या घेऊन येणारी एक पिकअप होती, करूळ घाटात दर खेपेला मधेच बसायची. फिल्टर बदलून झाला होता, पंप उतरवून कॅलिब्रेट करून झाला होता. आम्ही फिल्टर आणि पंपाच्या मधली काळी रबरी नळी काढून त्या जागी हातभर पारदर्शक नळी लावली आणि रेस दिली. डिझेल पिवळसर, स्वच्छ, एक बुडबुडा नाही. मालक वैतागला. मग टाकीतलं डिझेल कॅनमध्ये काढून काटा अर्ध्याच्या खाली आणला आणि पुन्हा रेस दिली. नळीत आधी मोहरीएवढे बुडबुडे आले, मग पांढरट फेसाची दोरीच सुरू झाली. टाकीच्या आत जी उभी सक्शनची नळी असते, तिला मध्यावर गंजून सुईच्या अग्राएवढं छिद्र पडलं होतं. डिझेलची पातळी छिद्राच्या वर असली तर तिथून डिझेलच आत येतं, काही बिघडत नाही. पातळी खाली गेली की पंप डिझेलऐवजी हवा चोखतो. ड्रायव्हर निघताना हजारा-दोन हजाराचं डिझेल टाकायचा, घाट लागेपर्यंत काटा बरोबर अर्ध्याखाली. सक्शनच्या बाजूची ही गंमत लक्षात ठेवा. तिथे फट असली तर डिझेल बाहेर सांडत नाही, हवा आत जाते. गाडीखाली एक थेंब नाही म्हणून लाइन चांगली, हे तिथे चालत नाही.

आता तपासणी कुठून कुठे करायची ते सांगतो. डिझेल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने जायचं, टाकीपासून रेलकडे.

टाकीचं झाकण फुकटात बघता येतं. घाटात गाडी बसली की लगेच थांबून झाकण उघडा. जोरात हवा आत खेचल्याचा आवाज आला तर टाकीचा श्वास कोंडलाय. डिझेल जातं तेवढी हवा आत यायला हवी, ती येत नसेल तर टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पंपाला त्याच्याशी झुंजावं लागतं. एकदा झाकण सैल ठेवून चढून बघा, टाकी काठोकाठ भरलेली नको. खेड्यात रस्त्याचा चिखल आणि कुंभारमाशीची घरटी यांनी बंद झालेल्या व्हेंटच्या नळ्या मी पाहिल्यात.

पुढे टाकीतली जाळी. आपल्याकडे पावसाळ्यात, त्यातून कोकणात ये-जा असेल तर, टाकीत पाणी साठतंच. रिकाम्या भागातली दमट हवा रात्री थंड होते, पत्र्याला पाणी सुटतं, ते तळाला बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भिडतात तिथे जंतू वाढतात आणि काळपट-तपकिरी बुळबुळीत साय तयार होते. गाडी उभी असताना ती तळाशी असते, सपाटीला डिझेल कमी ओढलं जातं तेव्हाही जाळीपासून लांब. घाटात ओढ वाढली की जाळीवर जाऊन चिकटते, गाडी बंद केली की सुटून खाली पडते. चावी बंद करून चालू केल्यावर गाडी पुन्हा पळते याचं एक कारण म्हणजे ईसीएमने लिंप मोड (इंजिन वाचवायला पॉवर कापून ठेवणं) सोडलेला असतो, पण कधीकधी दुसरं कारण ही सुटलेली साय असते. ट्रान्सपोर्टवाल्याकडच्या ड्रममधलं डिझेल भरत असाल तर हा संशय दुप्पट करा. बऱ्याच सेडानमध्ये मागची सीट उचलली की खालच्या पत्र्याच्या झाकणातून टाकीत बघता येतं, टाकी उतरवावी लागत नाही.

फिल्टर तुम्ही बदललाय, पण कुठला बसवलात? कॉमन रेलच्या पंपात आणि इंजेक्टरमध्ये इतकी बारीक फट असते की फिल्टरला दोन-पाच मायक्रॉनचे कण अडवावे लागतात. नकली फिल्टरमध्ये दोन्ही प्रकार येतात. एकात कागद इतका कमी की तो महिन्याभरात चोंदतो, दुसऱ्यात कागद चांगला चिकटवलेलाच नसतो आणि कचरा बाजूने निघून जातो. जुना फिल्टर फेकला नसेल तर तो कापून उघडा. आत काळी साय दिसली तर टाकी धुवायची. चांदीसारखी चमकणारी बारीक पूड दिसली, बोट फिरवून उन्हात धरलं की चमकते, तर बातमी वाईट आहे. तो पंपाच्या पोटातला धातू असू शकतो. तसं निघालं तर नुसता पंप बदलून भागत नाही, रेल, नळ्या, इंजेक्टर आणि टाकी सगळं साफ करावं लागतं, नाहीतर जुनी पूड नव्या पंपाला आणि इंजेक्टरना खाते. फिल्टर बदलताना वॉटर सेन्सरची ओ-रिंग जुनीच ठेवली किंवा पिळून बसली तर तिथूनही हवा शिरते. फिल्टर बदलल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर सर्वात आधी तीच बघा.

काही गाड्यांत टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो आणि तो डिझेल पुढे ढकलतो, काहींत हाय प्रेशर पंपालाच जोडलेला छोटा गिअर पंप टाकीतून ओढून घेतो. तुमच्या मॉडेलमध्ये काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघावं लागेल, कारण गेज त्यावर ठरतो. ढकलणारी लाइन असेल तर फिल्टरच्या पुढे प्रेशर गेज, ओढणारी असेल तर तिथेच व्हॅक्यूम गेज. ओढणाऱ्या लाइनीत पंपाच्या तोंडाशी व्हॅक्यूम पाव ते तीन दशांश (०.२५-०.३) बारच्या पुढे जायला लागला की वाटेत अडथळा आहे असं मी धरतो. मग गेज फिल्टरच्या मागे लावायचा. तिथे व्हॅक्यूम कमी दिसला तर फिल्टर दोषी, तितकाच दिसला तर दोष त्याच्याही मागे. इलेक्ट्रिक पंप असेल तर त्याच्या कनेक्टरवर पंप चालू असताना व्होल्टेज मोजा आणि बॅटरीवरच्या आकड्याशी ताडून बघा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर रिले, वायर नाहीतर अर्थिंग खाल्लेलं आहे. दीडशे रुपयांच्या रिलेपायी पंप बदलले जातात.

पारदर्शक नळीची तपासणी दोन्ही प्रकारांत करून घ्या. तिच्यात सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा चालतो, सतत येत राहिले तर चालत नाही. नळी डिझेलला टिकणारी हवी आणि क्लिप घट्ट हवी, नाहीतर तुमच्याच जोडातून हवा शिरेल आणि तुम्ही भलतीकडे शोधत बसाल. दाबून एअर काढायचा रबरी फुगा बसवलेला असेल तर त्याला बारीक भेगा पडतात, त्याही इथेच पकडल्या जातात.

आता खरी तपासणी, घाटातला लॉग, म्हणजे चढताना स्कॅनरवर नोंदलेले आकडे. हातगाडीवर मिळणारं ब्लूटूथचं यंत्र आणि फोनवरचं अ‍ॅप प्रत्यक्ष रेल प्रेशर बहुतेक वेळा दाखवतं, पण ईसीएमने मागितलेलं प्रेशर जुन्या गाड्यांत त्यावर दिसत नाही. त्याला कंपनीचा किंवा चांगला मल्टिब्रँड स्कॅनर लागतो. दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवून बघायच्या, तेही लोडखाली. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला रेस देऊन प्रेशर ठीक आहे असं सांगणाऱ्याला नम्रपणे सांगा की उभी गाडी डिझेल पितच नाही. स्कॅनर शेजारच्याच्या हातात द्या, तुम्ही रस्ता बघा.

आयडलला अडीचशे-तीनशे बार, पूर्ण लोडला चौदाशे-सोळाशे, असा या पिढीच्या गाड्यांचा साधारण पल्ला असतो. आकड्यापेक्षा मी तूट कशी पडते त्याचा आकार बघतो. मागणी चौदाशे पन्नास, मिळतंय चौदाशे तीस, पुढच्या काही सेकंदांत तेराशे ऐंशी, बाराशे दहा, एक हजार चाळीस, आणि लाइट लागली. अशी उतरण दिसली की पाठीमागून पुरवठा संपतोय. पाय दाबल्या क्षणापासून दीडशे-दोनशेची तूट आणि ती तशीच राहते, तर पंप झिजलाय किंवा पुढे कुठेतरी गळती आहे. रेषा करवतीसारखी खाली-वर होत असेल तर हवा, मीटरिंग व्हॉल्व्ह अडकणं किंवा सेन्सरची वायर. हा काही शास्त्राचा नियम नाही, याला अपवाद निघतात. पण पुढे काय उघडायचं ते ठरवायला पुरेसा आहे.

त्याच स्क्रीनवर मीटरिंग व्हॉल्व्हची कमांड दिसत असेल तर तीही घ्या. पंपात किती डिझेल शिरू द्यायचं ते हा व्हॉल्व्ह ठरवतो. गाडी बसते त्या क्षणी ईसीएमने तो पूर्ण उघडायला सांगितलाय आणि तरी प्रेशर पडतंय, तर ईसीएम आपलं काम करतोय, डिझेलच नाही. बऱ्याच पंपांत हा व्हॉल्व्ह करंट नसताना पूर्ण उघडा असतो, म्हणजे कमांडचा आकडा कमी होणं म्हणजे जास्त उघडणं. हे उलटं वाचून लोक फसतात. सेन्सर तपासायला गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी चावी ऑन करून रेल प्रेशर वाचा. शून्याच्या जवळ हवं. तिथेच पन्नास-साठ बार दाखवत असेल तर आधी सेन्सर आणि वायरिंग.

इथपर्यंत सगळं स्वच्छ निघालं तरच इंजेक्टरकडे यायचं. तुमच्या चौथ्या उत्तराचं काम इथे. गरम इंजिन चालू व्हायला वेळ घेत असेल आणि थंड पटकन लागत असेल, तर आतली गळती असायचा संभव मोठा, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून जास्त निसटतं. चाचणी सोपी आहे. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून तिथे चार सारख्या बाटल्या लावायच्या, गरम इंजिन ठरावीक वेळ चालवायचं आणि बाटल्या शेजारी शेजारी ठेवायच्या. तिघांत दोन बोटं आणि एकात अर्धी बाटली असेल तर गुन्हेगार तोच. एकच जास्त गळत असेल तर चारही बदलायची सक्ती नाही, तो बेंचवर लावून बघा. नवा किंवा दुरुस्त केलेला बसवल्यावर बहुतेक गाड्यांत त्या इंजेक्टरचा स्वतःचा कोड ईसीएमला भरावा लागतो, तेवढं विसरायला देऊ नका. रेलवर प्रेशर लिमिटर (प्रेशर फार वाढलं तर ते सोडून देणारा व्हॉल्व्ह) असेल तर त्याची रिटर्नची नळीही तपासायची. तिथून एरवी काही येता कामा नये.

हाय प्रेशर पंपाची पाळी शेवटी. तो खराब होत नाही असं नाही, पण तो उतरवणं महाग, बसवणं महाग, आणि उपाशी पंपाच्या जागी नवा पंप बसवला तर तोही उपाशीच राहतो. डिझेल हेच त्याचं वंगण आहे. हवा चोखत चाललेला नवा पंप लवकर झिजेल आणि मग जुनं दुखणं नव्या खर्चासकट परत येईल. फिल्टर बदलल्यावर एअर पूर्ण काढल्याशिवाय सेल्फ मारत राहू नये, तेही याचसाठी.

आणि एक गोष्ट कृपया हलक्यात घेऊ नका. जुन्या डिझेलवर चालू इंजिनात इंजेक्टरची नळी सैल करून मिस (कुठला सिलिंडर पेटत नाही ते) बघायची पद्धत होती. कॉमन रेलवर ते अजिबात करायचं नाही. हजार बारच्या फवाऱ्याने डिझेल कातडीच्या आत शिरतं. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट सडायला लागतं. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. आणि कुणाला असं लागलंच तर दुखत नाही म्हणून घरी न थांबता लगेच हॉस्पिटल, डॉक्टरला डिझेल प्रेशरने आत गेलंय हे स्पष्ट सांगून.

भावाच्या पेट्रोलचं थोडक्यात, पण त्यांनी ते जास्त गंभीरपणे घ्यावं. डिझेल इंजिनाला इंधन कमी पडलं तर ताकद कमी होते, सहसा त्यापलीकडे इंजिनाचं बिघडत नाही. टर्बो पेट्रोलमध्ये बूस्ट पूर्ण आणि इंधन कमी झालं तर मिश्रण पातळ पडतं, आतलं तापमान चढतं, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) सुरू होतं आणि पिस्टनच्या डोक्याला भोक पडायची वेळ येऊ शकते. ईसीएम बहुधा आधीच पॉवर कापतो, पण त्याच्या भरवशावर ताणू नये. तिथे टाकीतल्या पंपाचं प्रेशर लोडखाली मोजणं पहिलं, डायरेक्ट इंजेक्शन असेल तर पुढचा कॅमवर चालणारा पंप दुसरा. इथेनॉलचाही एक हिशेब आहे. तेवढ्याच हवेला इथेनॉल मिसळलेलं इंधन जास्त लागतं, वीस टक्के मिसळलं तर शुद्ध पेट्रोलपेक्षा वजनाने साधारण आठ टक्के. चांगल्या पंपाला त्याचं काही वाटत नाही. आधीच दमलेला पंप त्या आठ टक्क्यांत उघडा पडतो.

तुमच्यासाठी क्रम पुन्हा एकदा: डबा असेल तर काढा, टाकी तीन चतुर्थांश भरून एकदा आणि पाव असताना एकदा तोच चढ चढा, गाडी बसली की लगेच थांबून टाकीचं झाकण उघडून आवाज ऐका. मग पारदर्शक नळी आणि गेज, मग लॉग, मग चार बाटल्या. यातली पहिली दोन कामं तुमची तुम्ही करू शकता आणि अनेकदा तिथेच उत्तर मिळतं.

तोवर गाडी चालवायला हरकत नाही, फक्त घाटात खालचा गिअर ठेवून पाऊण एक्सिलेटरवर चढा आणि ओव्हरटेक करायला जाऊ नका, कारण समोरून एसटी येत असताना पिकअप मरणं परवडणारं नाही. चाचणीची ती एक खेप सोडली तर टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. गाडी कुठे द्यायची याचा विचार करत असाल तर तिन्ही गॅरेजना एकच विचारा: फिल्टरनंतर गेज लावून मला आकडा दाखवाल का, आणि त्याचे किती घ्याल? जो आकडा दाखवायला तयार होईल त्याच्याकडे द्या. लॉग मिळाला की मागितलेलं प्रेशर, मिळालेलं प्रेशर, मॅप आणि आरपीएम असे चार रकाने फोटो काढून इथे टाका, आणि टाकीचा काटा तेव्हा कुठे होता तेही लिहा.